रकाने कितीही वाढवा, किल्ली मात्र जपून

मंडळी, ‘वाइड-कॉलम डेटाबेसला (ज्यात प्रत्येक ओळीचे रकाने वेगवेगळे असू शकतात) स्कीमा, म्हणजे रकान्यांची आधी ठरवलेली रचना, लागत नाही’ हे वाक्य ऐकून मीही एकदा खूश झालो होतो. रकाना हवा तेव्हा टाका, नको तेव्हा सोडा, टेबलाची रचना बदलायच्या ‘अल्टर टेबल’ हुकमाची कटकट नाही. हे खरं आहे, पण अर्धंच.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे गूगलचं बिगटेबल. त्याचा शोधनिबंध २००६ साली आला. त्यात वेबपानांच्या टेबलाचं एक उदाहरण आहे. ओळीची किल्ली, म्हणजे ती ओळ शोधायची खूण, इथे पानाचा पत्ता, पण डोमेन उलटं लिहिलेलं: आधी ‘कॉम’, मग ‘गूगल’, मग ‘मॅप्स’. ओळी किल्लीच्या क्रमाने लावलेल्या असतात, त्यामुळे एकाच डोमेनची पानं शेजारी-शेजारी येतात. आणि त्या पानाकडे दुवा देणाऱ्या प्रत्येक साइटचं नाव हेच एका रकान्याचं नाव! म्हणजे रकान्याचं नाव हाच डेटा. हे डोक्यात बसायला मला बरेच दिवस लागले.

आता आमचं सांगतो. एका दूध संघाचं काम होतं, एचबेसवर, म्हणजे बिगटेबलच्याच धर्तीवरच्या एका डेटाबेसवर. गावोगावची संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दूध, गाय-म्हैस वेगळी, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). मी हौसेने किल्लीत तारीख सगळ्यात पुढे घेतली. सकाळी सहाला सगळी केंद्रं एकदम लिहायला लागली आणि तारीख एकच, त्यामुळे सगळं लिखाण एकाच रीजनवर, म्हणजे एका सर्व्हरकडे असलेल्या ओळींच्या सलग तुकड्यावर. एक सर्व्हर घामाघूम, बाकीचे माशा मारत बसलेले.

मग आम्ही उलटा विचार केला: वाचायचं काय असतं? बिल. आमच्याकडे बिल दर दहा दिवसांनी. म्हणून किल्ली झाली केंद्र, सभासद क्रमांक, वर्ष-महिना आणि त्यातला पहिला, दुसरा की तिसरा हप्ता. एका सभासदाचं एक बिल म्हणजे एक ओळ. रकान्याचं नाव ‘०३-स-गा-फॅट’, म्हणजे तीन तारीख, सकाळ, गाय. म्हैस नसेल त्याच्या ओळीत म्हशीचे रकानेच नाहीत आणि त्यांना जागाही लागत नाही. बिल काढायला एकच ओळ वाचायची. क्रमांक मात्र शून्यं लावून सारख्या लांबीचे ठेवा, नाहीतर १० नंबरचा सभासद २ च्या आधी येऊन बसतो. नावंही आखूड ठेवा, कारण एचबेस प्रत्येक खान्यासोबत पूर्ण किल्ली आणि रकान्याचं नाव साठवतो.

‘आज एकूण किती दूध आलं?’ याला ही रचना निरुपयोगी. त्यासाठी दुसरं टेबल केलं, तोच डेटा पुन्हा लिहिला. एक माहिती एकाच जागी ठेवायची, असं मानणाऱ्या रिलेशनल डेटाबेसच्या शाळेत शिकलेल्यांना हे पाप वाटतं. इथे ते रोजचंच आहे.

कॉलम फॅमिली, म्हणजे रकान्यांचे गट, दोनच ठेवल्या. एक दुधाची, एक कपातीची. एचबेसचे जाणकारही दोन-तीनच्या वर जाऊ नका असंच सांगतात. कपातीत पशुखाद्य, उचल, डॉक्टरची फी, जे येईल ते. बिलाचा प्रोग्राम नाव बघत नाही, त्या फॅमिलीतलं सगळं वजा करतो.

दुधात मात्र हाच मोकळेपणा अंगाशी आला. केंद्रावरच्या ॲपच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी ‘फॅट’चं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं लिहिलं. डेटाबेसने हूं की चूं केलं नाही; त्याच्या लेखी तो एक नवा रकाना. आमच्या प्रोग्रामला जुन्या नावाचं फॅट सापडेना, आणि सापडलं नाही तर किमान दर लावायचा, हा शहाणपणा माझाच. एक काका पावत्यांची चळत घेऊन आले. म्हशीचं दूध, पावतीवर फॅट ६.८, बिलात दर ६.० चा. ‘साहेब, माझी म्हैस आजारी नाही, तुमचा कॉम्प्युटर बघा.’

फरक सगळ्यांना पुढच्या बिलात दिला. आता दुधाच्या रकान्यांची नावं एकाच फाइलीत आहेत. त्यात नसलेलं नाव आमचा कोड लिहूच देत नाही, आणि फॅट नसेल तर बिल अडतं. स्कीमा लागत नाही म्हणत होतो, तो शेवटी हाताने लिहिला. कपातीला ही यादी लावलेली नाही. तिथे परवा एका केंद्राने ‘देवळाची वर्गणी’ नावाचा रकाना टाकला, आणि ती बिलातून बिनबोभाट वजा झाली.