आरोपी परदेशातून आणायचा तर…

नमस्कार श्रोतेहो.

30 जुलै 2015 रोजी आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली. खटला होता 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा. त्याच स्फोटांसाठी 2017 साली अबू सालेम दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली. फाशीचा प्रश्नच नव्हता. कारण भारत सरकारने पोर्तुगालला तशी लेखी हमी दिलेली होती.

सालेम सप्टेंबर 2002मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी कळवलं, की फाशी देणार नाही आणि 25 वर्षांहून जास्त तुरुंगात ठेवणार नाही. नोव्हेंबर 2005मध्ये तो भारतात आला. पुढे इथे त्याच्यावर काही जादा कलमं लागली. ज्या गुन्ह्यांसाठी आरोपी मागितला, खटला तेवढ्यांचाच चालवायचा, हा प्रत्यार्पणाचा, म्हणजे एका देशाने आरोपी दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याचा, नियम आहे. त्यावर बोट ठेवून 2011मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरवली, आणि आपल्याला काही आरोप मागे घ्यावे लागले. जुलै 2022मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की 25 वर्षांची हमी केंद्र सरकारला पाळावीच लागेल. अनेकांना हे रुचलं नाही. पण इथे शब्द फिरवला असता, तर पुढचा आरोपी मागताना समोरच्या देशाने आपलं पत्र वाचलंही नसतं.

आता समजा, गुन्हा नागपुरात नोंदला आहे आणि आरोपी परदेशात आहे. तपास अधिकाऱ्याचा प्रस्ताव राज्याच्या गृह विभागातून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे, तिथून परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि मग आपल्या दूतावासामार्फत त्या देशाला जातो. सोबत न्यायालयाचं अटक वॉरंट, दोषारोपपत्र, घटनाक्रमाचं शपथपत्र, लावलेल्या कलमांचा पूर्ण मजकूर, छायाचित्र आणि बोटांचे ठसे, बहुतेक देशांसाठी प्रथमदर्शनी पुरावाही, आणि सगळ्याचं त्या देशाच्या भाषेत प्रमाणित भाषांतर. आरोपी पळून जाण्याची भीती असेल तर आधी तात्पुरती अटक मागता येते, पण मग घड्याळ सुरू होतं. आपल्या 1962च्या प्रत्यार्पण कायद्यात ही मुदत 60 दिवसांची आहे. तेवढ्यात रीतसर विनंती आली नाही, तर आरोपी सुटतो.

अर्ज अडकतो तो बहुधा एकाच जागी. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. आपल्याकडे मकोका, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लावून मोकळे होतात. परदेशी न्यायाधीशाला मकोका म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला कलमाचं नाव नको असतं. पैसा कोणी दिला, शस्त्र कोणी आणलं, फोन कोणी कोणाला केला, हे तारखेसह लिहिलेलं हवं असतं.

रेड नोटीस निघाली, आता पकडलाच, असं वृत्तवाहिन्यांवर ऐकू येतं. रेड नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे; फरारी आरोपीला शोधा आणि अडकवून ठेवा, अशी इंटरपोल या पोलिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सदस्य देशांना केलेली ती विनंती. इंटरपोलच्या 196 सदस्य देशांपैकी प्रत्येकाने तिच्यावर काय करायचं, ते त्याचा कायदा ठरवतो. अमेरिकेत नुसत्या रेड नोटिशीवर अटक होत नाही.

2008च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाचंच बघा. भारताच्या विनंतीवरून तो जून 2020मध्ये लॉस एंजेलिसला अटकेत गेला, आणि दिल्लीत उतरला 10 एप्रिल 2025ला. मधली जवळपास पाच वर्षं एका मुद्द्यावर गेली. 2011मध्ये शिकागोच्या ज्युरींनी या मुंबई हल्ल्याच्या आरोपातून त्याला सोडलं होतं; तेव्हा त्याच कृत्यासाठी दुसरा खटला कसा, असं त्याचं म्हणणं. अमेरिकी न्यायालयांनी करारातल्या ‘गुन्हा’ या शब्दाचा अर्थ कृत्य असा न धरता गुन्ह्याचे कायदेशीर घटक असा धरला. भारताचे आरोप घटकांनी वेगळे होते, म्हणून वाट मोकळी झाली.

उलट उदाहरण डेन्मार्कचं. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात 1995मध्ये विमानातून शस्त्रं टाकली गेली. त्यातला डॅनिश आरोपी आपल्याला 2011मध्ये मिळाला नाही, 2024मध्येही नाही. भारताच्या ताब्यात गेल्यावर छळ होण्याचा धोका आहे, असं तिथल्या न्यायालयांचं मत पडलं. म्हणजे प्रत्यार्पण कधी कधी आपल्या कोठड्यांच्या अवस्थेवर अडतं, आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाकडे कितीही चांगला मसुदा असला तरी उपाय नाही.

शेजाऱ्यांशी गणित वेगळं. बांगलादेशाशी आपली सीमा 4,096 किलोमीटरची, नदीनाल्यांतून आणि शेतांतून जाणारी. इकडचे बंडखोर तिकडे लपत, तिकडचे इकडे. म्हणून 2013मध्ये प्रत्यार्पण करार झाला आणि 2016मध्ये त्यात दुरुस्ती झाली: पुरावा जोडायची गरज नाही, सक्षम न्यायालयाचं वॉरंट पुरे. सीमेवरच्या यंत्रणांना ही सोय हवीच होती. पण सोय दुतर्फी असते. डिसेंबर 2024मध्ये ढाक्याने भारतात आलेल्या आपल्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांना परत मागितलं, तेव्हा ‘आधी पुरावा दाखवा’ म्हणायची वाट दिल्लीने 2016मध्येच बंद केलेली होती. करारात उरतात कलम 6 आणि कलम 8. सहावं राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी नकार देण्याचं, पण खुनाचा आरोप त्यातून वगळलेला. आठवं, विनंतीमागचा हेतू न्यायाचा नसेल तर नकार देण्याची मुभा देणारं.