त्या फोननंतर तीन राजधान्या

पत्रिकेवर विषय छापलाय ‘युरोपचं नेतृत्व आणि बदलते मित्र’. एवढा मोठा विषय तासाभरात मांडणं माझ्या आवाक्यातलं नाही. मी एका फोनची गोष्ट सांगणार आहे, बाकीचं ओघात येईल.

६ नोव्हेंबर १९५६, मंगळवार. पॅरिसमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले यांच्यासमोर पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोनराड आडेनाउर बसलेत. वय ऐंशी. लंडनहून फोन येतो, पलीकडे ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन. त्याच सकाळी ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा सुएझ कालवा इजिप्तच्या नासरकडून काढून घ्यायला पोर्ट सईदला उतरल्यात. आणि ईडन सांगताहेत, आम्ही थांबतोय, मध्यरात्रीपासून युद्धबंदी. मोलेंना विचारलं नाही, नुसतं कळवलं.

हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागेल. नासरनं २६ जुलैला कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसजवळ सेव्र इथल्या एका बंगल्यात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल गुपचूप जमले. ठरलं असं, की इस्रायलनं सिनाईत घुसायचं आणि मग या दोघांनी भांडण सोडवायला म्हणून मध्ये पडायचं. गल्लीतला दादा दुकान बळकावतो तीच रीत, फक्त टाय लावून. मसुदा फ्रेंचमध्ये टाईप झाला, तीन प्रतींवर सह्या झाल्या. ईडनना हे कळल्यावर त्यांना घामच फुटला. असल्या गोष्टी कागदावर कोण आणतं? दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन अधिकाऱ्यांना पॅरिसला परत पिटाळलं, सगळ्या प्रती नष्ट करून या म्हणून. फ्रेंच परराष्ट्र खात्यात त्यांना एका मोठ्या दालनात बसवलं. तासन्‌तास कुणी फिरकेना, म्हणून उठून पाहिलं तर दाराला कुलूप! ईडननी आपली प्रत नष्ट केली. इस्रायलचे पंतप्रधान बेन गुरियन यांनी मात्र स्वतःची जपून ठेवली आणि चाळीस वर्षांनी ती जगापुढे आली.

हा सगळा खटाटोप अमेरिकेला अंधारात ठेवून चालला होता, आणि नेमकी ६ नोव्हेंबरलाच अमेरिकेत निवडणूक. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर भडकले. त्यांना सैन्य पाठवावं लागलं नाही. पौंड घसरत होता, नाणेनिधीकडून पैसे हवे होते, आणि अमेरिकेनं सांगितलं की आधी युद्ध थांबवा. ईडनचे अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन आदल्या महिन्यापर्यंत सगळ्यांत जोरात युद्धाच्या बाजूनं होते. तिजोरीत डोकावल्यावर तेच सगळ्यांत आधी मागे फिरले. जानेवारीत ईडन गेले आणि पंतप्रधान झाले मॅकमिलन. राजकारणात असं होतं, त्यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

आता पुन्हा पॅरिसच्या त्या खोलीत येऊ. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री पिनो यांनी नंतर लिहून ठेवलंय, की फोन झाल्यावर आडेनाउर म्हणाले, आता युरोप उभा करा, वेळ दवडू नका, तोच तुमचा सूड ठरेल. पुढच्या मार्चमध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेचा रोमचा करार झाला. त्याचं सगळं श्रेय या एका वाक्याला देऊ नका, वाटाघाटी आधीपासून चालू होत्या. पण घाई झाली ती या फोनमुळे.

मला जे सांगायचंय ते हे, की त्या एका संध्याकाळपासून तीन राजधान्या तीन निरनिराळे धडे शिकल्या, आणि आजचा युरोपातला गोंधळ म्हणजे ते तिन्ही धडे एकमेकांच्या अंगावर येताहेत.

लंडननं ठरवलं, अमेरिकेला सोडून पुन्हा एक पाऊलही टाकायचं नाही. डिसेंबर १९६२ मध्ये बहामात मॅकमिलननी केनेडींकडून पोलारिस क्षेपणास्त्रं मिळवली. आज त्यांच्या जागी ट्रायडेंट क्षेपणास्त्रं आहेत. पाणबुडी ब्रिटिश, अण्वस्त्राचं टोक ब्रिटिश, पण क्षेपणास्त्र अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या सामायिक साठ्यातून येतं. घर आपलं, पण किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलेली.

पॅरिसनं ठरवलं, अमेरिकेवर पुन्हा कधी विसंबायचं नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये सहारात त्यांनी स्वतःचा अणुबॉम्ब फोडला. जानेवारी १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉलनी ब्रिटनला युरोपच्या बाजारपेठेचं दार बंद केलं, कारण त्यांच्या मते ब्रिटन आत आला की मागोमाग अमेरिका येणार. आणि ७ मार्च १९६६ ला त्यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिलं, की फ्रान्स नाटोच्या, म्हणजे अमेरिका-युरोपच्या संरक्षण युतीच्या, संयुक्त लष्करी रचनेतून बाहेर पडतोय, परकीय सैन्यानं आमची भूमी सोडावी. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी विचारलं, इथल्या दफनभूमीत पुरलेले आमचे सैनिकही न्यायचे का? नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हललं. पॅरिसमधली त्यांची ती लांबलचक इमारत आज विद्यापीठ आहे. जिथे सेनापतींच्या बैठका व्हायच्या, तिथे आता मुलं मॅनेजमेंट शिकतात.

आणि पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन? बॉननं ठरवलं, निवडायचंच नाही. २२ जानेवारी १९६३ ला आडेनाउरनी द गॉलबरोबर मैत्रीचा करार केला. मे महिन्यात त्यांच्याच संसदेनं त्याला एक प्रस्तावना चिकटवली, अमेरिका आणि नाटोशी आमचं नातं आहे तसंच राहील म्हणून. द गॉल चिडले. करार गुलाबांसारखे असतात, टिकतात तोवर टिकतात, म्हणाले. आडेनाउरना गुलाबांची बाग होती. त्यांनी ऐकवलं, गुलाब ही चांगली चिवट जात असते.

इथे थोडं आपल्या किनाऱ्यावर येतो. नाटो म्हणजे आपल्याला दूरदेशीची गोष्ट वाटते, पण पोर्तुगाल त्याचा १९४९ पासूनचा संस्थापक सभासद. मग डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा नाटो का धावून आली नाही? उत्तर नाटो कराराच्या सहाव्या कलमात आहे. संरक्षण आहे ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला, उत्तर अटलांटिक परिसरात. गोवा त्या रेषेच्या बराच खाली. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांना ते ठाऊक होतं, तरी आशा होती. १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख ‘पोर्तुगीज प्रांत’ असा होऊ दिला होता, आणि अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता. इंग्लंडशी मैत्री तर १३७३ पासूनची. पण लढायला कुणी आलं नाही. सुरक्षा परिषदेत अमेरिकेनं आपल्याविरुद्ध ठराव आणला, सोव्हिएत नकाराधिकारानं तो पडला. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आले, शेवटच्या माणसापर्यंत लढा असा लिस्बनचा हुकूम बाजूला ठेवून. मित्र किती खोलवर मित्र आहे हे लिस्बनला त्या आठवड्यात समजलं.

आता डेन्मार्ककडे पाहा. त्यांचं ग्रीनलंड कर्कवृत्ताच्या कितीतरी वर, सहाव्या कलमात चपखल बसणारं. पण जानेवारी २०२५ मध्ये ते मिळवण्यासाठी बळाचा वापर नाकारायला तयार नसलेला माणूस होता अमेरिकेचा होऊ घातलेला राष्ट्राध्यक्ष, ट्रम्प. रक्षण करणाऱ्यापासूनच रक्षण करायची वेळ आली तर काय, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.

ट्रम्प काय म्हणाले यावर आपल्या वाहिन्या रात्ररात्र चर्चा करतात. मला मोठी बातमी वाटते ती बर्लिनची. २३ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री जर्मनीची निवडणूक जिंकल्यावर फ्रीडरिश मेर्त्स म्हणाले, अमेरिकेपासून टप्प्याटप्प्यानं स्वतंत्र व्हायचंय. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांना ‘मर्झ’ करून टाकलंय, असो. हे फ्रान्सचा गडी बोलला असता तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पण मेर्त्स आयुष्यभर अमेरिकेचे चाहते, अमेरिकेशी जोडलेल्या संस्थेचे अध्यक्ष राहिलेले.

पुढे त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. अंथरूण पाहून पाय पसरा, म्हणजे सरकारनं मर्यादेबाहेर कर्ज काढू नये, हे जर्मनांनी २००९ मध्ये राज्यघटनेतच लिहून ठेवलं होतं. प्रचारात मेर्त्स त्याला हात लावणार नाही म्हणत होते. निकालानंतर बेरीज केली तर नव्या संसदेत घटनादुरुस्ती अडवण्याइतकी मतं टोकाच्या पक्षांकडे जाणार होती. मग त्यांनी मावळत्या संसदेलाच बोलावलं. १८ मार्चला ५१३ विरुद्ध २०७ मतांनी ठरलं, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यावरचा संरक्षणखर्च कर्जमर्यादेत धरायचा नाही. ज्यांना मतदारांनी घरी पाठवलं होतं त्यांच्याच हातून हे करून घेतलं. चलाखी म्हणा, बेशरमी म्हणा, मला दोन्ही वाटतं. मतदारांनी आणि सहकाऱ्यांनी ते लक्षात ठेवलं असावं. मे महिन्यात चान्सलरपदासाठी मतदान झालं तेव्हा मेर्त्स पहिल्या फेरीत पडले. युद्धोत्तर जर्मनीत असं कधी झालं नव्हतं.

जून २०२५ मध्ये हेगला नाटोनं २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे पाच टक्के संरक्षणावर खर्चायचं वचन दिलं, साडेतीन थेट लष्करावर, दीड रस्ते-पूल वगैरेंवर. स्पेनच्या सांचेझनी स्वतःपुरती सूट काढून घेतली. त्यावर फार बोलत नाही. असली वचनं दहा वर्षांची असतात, सरकारं दोन-तीन वर्षांची.

खरा पेच पुढे आहे. अमेरिकेची अण्वस्त्रांची छत्री मिटली तर दुसरी कुणाची? युरोपीय संघात अण्वस्त्रं एकट्या फ्रान्सकडे. मार्च २०२५ मध्ये मॅक्रॉन म्हणाले, इतरांना सावलीत घेण्यावर चर्चा करू, पण निर्णय राष्ट्राध्यक्षाचाच राहील. म्हणजे छत्रीखाली या, दांडी माझ्या हातात. जुलैत ब्रिटनबरोबर अणुसमन्वयाचा जाहीरनामाही झाला, तिथेही दोघांनी आपापली दांडी सोडली नाही. पैसा जर्मनीकडे, बॉम्ब फ्रान्सकडे, आणि पुढच्या पिढीचं लढाऊ विमान एकत्र बांधायचं तर नेतृत्व कुणाच्या कंपनीचं यावरून दोघं वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर.

आणि ज्या पॅरिसकडे बर्लिन आता वळून बघतंय, तिथे डिसेंबर २०२४ मध्ये एक सरकार पडलं, सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक २०२७ मध्ये आहे आणि मॅक्रॉनना लागोपाठ तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. ती दांडी त्यानंतर ज्याच्या हाती जाईल, त्याला जर्मनांबद्दल काय वाटतं हे मेर्त्सना विचारूनही कळणार नाही. आडेनाउरसमोर निदान मोले तरी बसले होते.