कुठलं सिडनी?

तिकिटावर ‘सिडनी’ छापलंय. तेवढ्यावर निघू नका, शेजारची तीन अक्षरं, म्हणजे विमानतळाचा कोड, वाचा. ‘एसवायडी’ असेल तर ऑस्ट्रेलिया. ‘वायक्यूवाय’ असेल तर विमान उतरणार कॅनडात, नोव्हा स्कॉशियाच्या केप ब्रेटन बेटावर. चुकून तिथे पोचलेले प्रवासी खरोखरच आहेत. घोळ होतो तो बुकिंग करताना: नाव टाइप केलं, यादी उघडली, वरच्याच ओळीवर बोट पडलं आणि देशाचं नाव वाचायचं राहून गेलं. प्रवासाचे तास पाहिले असते तरी शंका आली असती.

दोन्ही सिडनी एकाच माणसाच्या नावाची, ब्रिटिश मंत्री लॉर्ड सिडनी यांच्या. कॅनडातलं १७८५ चं, ऑस्ट्रेलियातलं १७८८ चं. म्हणजे मोठं झालं ते धाकटं.

ओरेगनमधलं पोर्टलंड तर नाणेफेकीतून आलं. १८४५ साली तिथल्या जमिनीचे दोन मालक होते, एक बॉस्टनचा, दुसरा मेन राज्यातल्या पोर्टलंडचा. दोघांनाही आपापल्या गावाचं नाव हवं होतं. तीनपैकी दोन वेळा नाणं पोर्टलंडवाल्याच्या बाजूने पडलं, नाहीतर आज अमेरिकेत आणखी एक बॉस्टन असतं.

पण नाव सारखं म्हणजे मूळही एकच, असं धरून चालू नका. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, १८०९ पासून. तेव्हा फ्लोरिडा स्पेनच्या ताब्यात होता आणि मायामी शहर वसायला अजून बराच अवकाश होता. ओहायोतलं नाव तिथल्या मायामी या मूळनिवासी जमातीचं. फ्लोरिडातल्या नावाचा त्या जमातीशी संबंध नाही. गंमत म्हणजे ही युनिव्हर्सिटी ज्या गावात आहे, त्याचं नाव ऑक्सफर्ड! आणि १९२५ ची युनिव्हर्सिटी ऑफ मायामी आहे कोरल गेबल्स या गावात. पदवी तपासताना गाव, राज्य आणि स्थापनेचं वर्ष, तिन्ही जुळवा. वेबसाइटचा पत्ताही बघा: ओहायोवाल्यांच्या पत्त्यात ‘ओएच’ ही अक्षरं आहेत.

‘ट्रिनिटी कॉलेज’ एवढंच लिहिलेला संदर्भ जवळपास निरुपयोगी. केंब्रिजचं १५४६ चं, ऑक्सफर्डचं १५५५ चं, डब्लिनचं १५९२ चं. बाकीची वेगळीच.

याद्या सांभाळणाऱ्यांचा त्रास आणखी निराळा. एक्सेलमध्ये दोन तक्ते नुसत्या नावावरून जोडले की दोन संस्थांच्या नोंदी एक होतात, आणि स्पेलिंग जरा हललं की एकाच संस्थेच्या दोन. एकदा मिसळलेल्या नोंदी सोडवणं फार किचकट. म्हणून कोडचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा आणि जोडणी त्यावरूनच करा. संशोधन संस्थांना ‘रॉर’ या नोंदवहीत स्वतंत्र ओळख-कोड मिळतो, देशांना दोन अक्षरी कोड असतात.

काँगो नावाचे देश दोन. एक ‘सीजी’, राजधानी ब्राझाव्हिल. दुसरा ‘सीडी’, राजधानी किन्शासा. दोन्ही राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर, समोरासमोर. पाकिटावर नुसतं ‘काँगो’ लिहिलं, तर ते पलीकडच्या काठावर जाऊन पडू शकतं.