खाली पडायचं ते कशासाठी?

डार्क राइड म्हणजे काय, हे खोपोलीला इमॅजिकात जाऊन आलेल्यांना सांगायला नको. गाडीत किंवा बोटीत बसायचं, ती अंधाऱ्या इमारतीत शिरते, दोन्ही बाजूंचे देखावे एकेक करून उजळतात आणि काही मिनिटांत तुम्ही परत उन्हात. मला आज बोलायचंय ते या राइडच्या शेवटाबद्दल. जुनी राइड नवी करायला घेतली की तिच्या शेवटाचं काय होतं?

‘स्प्लॅश माउंटन’ घ्या. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ती सुरू झाली. ओंडक्याच्या आकाराच्या होडीतून जायचं आणि शेवटाकडे साधारण ५० फुटांवरून खाली कोसळायचं. गोष्ट सशाची. घर सोडून निघालेल्या सशाच्या मागे कोल्हा आणि अस्वल लागतात आणि कोल्हा अखेर त्याला धरतो. इथे तुमची होडी खडखडत चढ चढायला लागते. डोक्यावर दोन गिधाडं बसलेली, ती तुमचीच टिंगल करतात. माघारी फिरायची वेळ झाली, पण फिरणार कसे? आणि बाजूला बांधून ठेवलेला ससा कोल्ह्याच्या विनवण्या करतोय: काहीही कर, पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नकोस. कोल्हा टाकतोच. मात्र खाली कोसळता तुम्ही! पाणी उडतं, समोर काट्यांची जाळी. ससा तर त्याच जाळीत लहानाचा मोठा झालेला. म्हणजे कोल्ह्याला जी शिक्षा वाटली ती सशाची सुटका. गोष्टीतली कलाटणी आणि तुमच्या पोटातला गोळा एकाच क्षणी येतो. नंतर होडी पुन्हा आत वळते, तिथे प्राणी नाचत-गात सशाचं स्वागत करतात. जाता जाता सांगतो, डिस्नेलँडमधले यातले बरेचसे यांत्रिक प्राणी १९८८ साली बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या कार्यक्रमातून आणलेले होते. तेव्हा जुन्या सामानातून उत्तम शेवट जमतच नाही, असं मी म्हणणार नाही.

या राइडची मुळं १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटात होती. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळ्या माणसांचं जगणं त्यात इतकं गुळगुळीत करून दाखवलंय, की खुद्द डिस्नेने अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट कधी काढली नाही. गोष्ट बदलायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२० साली घोषणा झाली आणि २०२४ साली, आधी फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये आणि मग कॅलिफोर्नियात, तिच्या जागी ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या डिस्नेच्याच चित्रपटातल्या टियाना राजकन्येची ‘टियानाज बायू अॅडव्हेंचर’ सुरू झाली. पण डोंगर तोच, पाण्याची वाट तीच आणि कडाही तोच. देखावे बदलता येतात, काँक्रीट हलवायचं तर नवी राइड बांधावी लागते. तेव्हा नव्या गोष्टीला जुना कडा आयताच मिळाला, आणि कोसळण्याचं कारण तेवढं तिचं तिने शोधायचं होतं.

ते काय शोधलं? टियानाला मार्डी ग्रा या उत्सवाच्या जेवणावळीसाठी वाजवणारे हवेत, म्हणून आपण दलदलीत वादक प्राणी शोधत फिरतो. मामा ओडी ही म्हातारी जादूगारीण मंत्र घालून आपल्याला बेडकाएवढं करते आणि पुढे पुन्हा मोठं करते. मोठं होता होता आपण कड्यावरून खाली. शेवटचा जलसा देखणा आहे, पुतळ्यांच्या हालचाली तर थक्क करणाऱ्या. पण आपल्याला ढकललं कोणी? कोणीच नाही. वाईट कोणी नाही, संकट नाही, पार्टी होणार हे पहिल्या मिनिटाला ठाऊक असतं. मूळ चित्रपटात डॉक्टर फॅसिलिये नावाचा बेरकी खलनायक आयता होता, राइडमध्ये त्याला घेतलंच नाही. खलनायक काढून कडा तेवढा ठेवला. मला हा हिशेब पटत नाही.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये याहून गमतीचं घडलंय. १९६७ सालची ही राइड. १९९७ साली चाचे बायकांच्या मागे धावायचे थांबले, २०१८ साली नवरीचा लिलाव गेला, आणि दोन्ही वेळा केवढी ओरड झाली! खरा बदल या दोन्हींच्या मध्ये, २००६ साली झाला होता, आणि मला विचाराल तर त्याची ओरड व्हायला हवी होती. डिस्नेलँडमध्ये तुम्ही आधी गुहेत उतरता, तिथे खजिन्यावर बसलेले सांगाडे दिसतात. मग जिवंत चाचे, पेटलेलं गाव, आणि शेवटी बंदुकीच्या दारूच्या पिंपांमध्ये झिंगून एकमेकांवर गोळ्या झाडणारी टोळी. यांचं पुढे काय होणार, ते आपण आधीच पाहिलेलं असतं. २००६ साली सिनेमातला जॅक स्पॅरो आला आणि शेवटाला खजिन्यात मजेत बसला. सांगाड्यांनी सुरुवातीला जे बजावलं, त्याला शेवटच्या देखाव्याने सरळ ‘छे!’ म्हटलं. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये १९९२ सालीच क्रम फिरवून आधी जिवंत चाचे आणि नंतर सांगाडे ठेवले. साधी मांडणी, पण ती मोडायला अवघड.

डिस्नेलँडमधल्या स्नोव्हाइटच्या राइडचं थोडक्यात सांगतो. १९५५ साली तिच्यात स्नोव्हाइटच नव्हती, कारण गाडीत बसलेले तुम्हीच स्नोव्हाइट. चेटकीण शेवटी तुमच्या डोक्यावर धोंडा लोटायला टपलेली, आणि दार उघडून तुम्ही बाहेर. लोक विचारायचे, मुलगी कुठाय? १९८३ साली तिला एका ठिकाणी उभी केली. २०२१ साली राजपुत्राच्या चुंबनाचा शेवट आला आणि झोपलेल्या मुलीच्या संमतीवरून वाद पेटला. मुद्दा रास्त होता. पण त्या वादात एक गोष्ट राहून गेली. आता गाडीत बसलेले तुम्ही निव्वळ बघे झालात.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत, त्यांनी ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ चुकवू नये. १९५५ पासूनची आहे. फ्लोरिडातली १९९८ साली बंद करून तिथे विनी द पू आणला, ही मात्र टिकली. तुम्ही बेफाम गाडी हाकता, कोर्टात दोषी ठरता, रेल्वेखाली सापडता आणि थेट नरकात जाता. ‘द विंड इन द विलोज’ या मूळ गोष्टीत नरकाचा पत्ताच नाही. राइडमधल्या नरकात लहान लहान सैतान उड्या मारत असतात आणि पुढचं दार उघडलं की राइड संपते. लहान नातवंड सोबत असेल तर त्याला आधी कल्पना द्या.