चार दिले, एक घेतला

[बॉस्टन. फेनवे पार्क मैदानालगतची गल्ली. सकाळ. ट्रकचं मागचं दार उघडं, माणसं खोकी चढवतायत.]

२०,४०० चेंडू. १,१०० बॅटी. फलंदाजीची २०० हेल्मेटं. सूर्यफुलाच्या बियांची ६० खोकी. दरवर्षी फेब्रुवारीत साधारण एवढं सामान भरून हा ट्रक बॉस्टनहून निघतो आणि सुमारे दीड हजार मैलांवर, फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला जातो. रेड सॉक्स या बॉस्टनच्या बेसबॉल संघाचा मोसमाआधीचा सराव तिथं चालतो. खेळाडू या ट्रकमध्ये नसतात, ते परस्पर पोचतात. तरी ट्रक बघायला गर्दी होते. कानटोप्या घालून, कॉफीचे कप हातात धरून, लहानग्यांना खांद्यावर बसवून माणसं उभी आहेत.

[उघड्या ट्रकवर हिरवा वॉली, चेंडू फेकतोय.]

हा वॉली, संघाचा शुभंकर. त्याने फेकलेले मऊ चेंडू झेलायला पोरं धावतायत. मोठ्यांचं तिकडे लक्ष नाही. त्यांचा वाद चाललाय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये वाद एकाच माणसाचा आहे. ॲलेक्स ब्रेगमन. ह्यूस्टनचा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, दोनदा वर्ल्ड सिरीज (जगज्जेतेपदाची अंतिम मालिका) जिंकलेला, करार संपल्यामुळे मोकळा. तो येतोय का? आला तर खेळणार कुठं? थर्ड बेसवर तर आपला राफाएल डेव्हर्स आहे. आणि २०१७ मध्ये ह्यूस्टनवाल्यांनी समोरच्या कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणा कॅमेऱ्यातून चोरून, कसला चेंडू येतोय हे आपल्या फलंदाजाला कळवायला डबे वाजवले होते, त्या संघातला माणूस आपल्याला हवाय का? लाल टोपीवाले एक गृहस्थ म्हणतात, नकोच. शेजारचा आठवण करून देतो की आपले मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, ॲलेक्स कोरा तेव्हा ह्यूस्टनमध्येच होते. लाल टोपीवाले कॉफीचा घोट घेतात. उत्तर देत नाहीत.

[रिकामं मैदान. खुर्च्या. ‘ग्रीन मॉन्स्टर’ची ३७ फुटी भिंत.]

बेसबॉलचा मोसम मार्चअखेर सुरू होतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. ऑक्टोबर सरता सरता वर्ल्ड सिरीज आटोपते आणि मैदानाला कुलूप लागतं. भांडणं मात्र इथून पुढे पेटतात. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं. बॉस्टनमध्ये रेडिओवर दिवसभर फोन घेतले जातात. न्हाव्याकडे, बारमध्ये, दवाखान्याच्या रांगेत हाच विषय.

या हिवाळ्यात एक मोठा सौदा आधीच झालाय. डिसेंबर २०२४ मध्ये डॅलसला सगळ्या क्लबांचे कारभारी वार्षिक बैठकीसाठी जमले. तिथं बॉस्टनने शिकागो व्हाइट सॉक्सकडून गॅरेट क्रोशे हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला. व्हाइट सॉक्स म्हणजे त्याच मोसमात १२१ सामने हरलेला संघ. त्यांना आज जिंकायचंच नव्हतं, त्यांना उद्याची पोरं हवी होती. बॉस्टनने चार दिली : काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस माइड्रॉथ, विकेलमन गोन्झालेझ. यातल्या एकानेही तोवर मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, एकही सामना खेळला नव्हता. तरी रांगेतल्या माणसांना चौघांची नावं पाठ आहेत. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कोण कितव्या फेरीत निवडला गेला, कुणाचा खांदा जपायला हवा, सगळं पाठ. रोमन अँथनी, मार्सेलो मायर आणि क्रिस्टियन कॅम्पबेल ही बॉस्टनच्याच होतकरू पोरांची तीन नावं सौद्यातून वाचली म्हणून लोक खूश आहेत. टील गेला, ते एकाला फार लागलंय.

[केनमोर स्क्वेअरजवळचा बार. ताटाखालचा कागद, पेन्सिल. हात जवळून.]

हा कागद नीट बघा.

मधोमध रेघ. डावीकडे १३ पिचर, उजवीकडे बाकीचे १३. मोसम सुरू होताना संघात २६ जण असतात आणि १३ पेक्षा जास्त पिचर ठेवता येत नाहीत. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. पेन्सिल धरण्यावरूनच कळतं. कॅचर : कॉनर वाँग. फर्स्ट बेस : ट्रिस्टन कासास. शॉर्टस्टॉप : ट्रेव्हर स्टोरी. सेकंड बेस रिकामा, तिथं अजून कुणाचीच खात्री नाही. थर्ड बेस : डेव्हर्स.

आणि मग खोडरबर.

ब्रेगमन आला तर? त्याला सेकंड बेसवर लिहिलं. पण थर्ड बेसवर त्याला उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळालाय आणि तिथंच चुका करण्यात डेव्हर्स लीगमध्ये वरच्या रांगेत. म्हणून पुन्हा खोडलं. ब्रेगमन थर्ड बेसवर, डेव्हर्सने क्षेत्ररक्षण सोडून फक्त फलंदाजी करायची. पण ती जागा मासाताका योशिदाची. मग योशिदा कुठं? कागद त्या जागी आता भुरकट झालाय, एका कोपऱ्यात फाटायला आलाय.

समोर बसलाय तो त्यांचा भाचा. त्याच्या मते कासासला देऊन टाकावं, बदल्यात एक पिचर घ्यावा, डेव्हर्सला फर्स्ट बेसवर हलवावं. त्याचं सगळं फोनवर तयार आहे. कुणावर क्लबचा ताबा अजून किती वर्षं, कुणाचा पगार कधी वाढणार, पगारावरच्या कराची रेषा किती दूर. ताबा हा त्याचाच शब्द. सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखी तो खेळाडूंची वर्षं मोजतो. मावशी एकच विचारते, कासासला फर्स्ट बेसवरून घालवलं तर तिथं चेंडू झेलणार कोण, तुझा फोन?

हा भाचा एकटा नाही. आम्ही बॉस्टनमध्ये ज्यांच्यापुढे कॅमेरा धरला त्यांतले निम्मेअधिक मालकाच्या मुनिमासारखे बोलत होते. पैसे मालकाचे, आणि झोप उडालेली यांची. हे असं का झालं?

[जर्सीची पाठ. ५० आकडा. ‘बेट्स’च्या अक्षरांचे कोपरे उसवलेले.]

या जर्सीमुळे.

मुकी बेट्स. २०११ मध्ये बॉस्टनने त्याला पाचव्या फेरीत निवडलं. संघाच्या कनिष्ठ साखळीतून वर आला, इथंच घडला. २०१८ मध्ये .३४६ ची सरासरी, ३२ होम रन, ३० चोरलेले बेस. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि बॉस्टन जगज्जेतं. अशा माणसाला कोण विकतं?

आता नियम ऐका, कारण बॉस्टनमध्ये हे शाळकरी पोरंही सांगतात. मेजर लीगमध्ये खेळाडूची पहिली ६ वर्षं क्लबच्या हातात. मग तो मोकळा. बेट्सची ती मुदत २०२० च्या मोसमानंतर संपत होती. दुसरी गोष्ट, संघाच्या एकूण पगारावर सक्तीची मर्यादा नाही, पण एक रेषा आहे. ती ओलांडली की वरच्या रकमेवर कर. २०२० ला ती रेषा २०.८ कोटी डॉलरवर होती. पहिल्या वर्षी ओलांडली तर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. बॉस्टनने २०१८ आणि २०१९ मध्ये ती ओलांडली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये क्लबने बेसबॉलचे प्रमुख डेव्ह डॉम्ब्रोव्स्की यांना काढलं. ऑक्टोबरमध्ये खाइम ब्लूम आले. मालक जॉन हेन्री यांना पगार रेषेखाली आणायचा होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये सौदा बाहेर आला. तो तिघांत होता : बॉस्टन, लॉस एंजेलिस डॉजर्स आणि मिनेसोटा. मिनेसोटाचा ब्रुसदार ग्रातेरोल हा तरुण पिचर बॉस्टनला मिळणार होता. त्याचे वैद्यकीय कागद पाहिल्यावर बॉस्टनने हात आखडला. पाच-सहा दिवस सगळं अधांतरी. शहराला वाटलं, मोडतंय. मोडलं नाही, नव्याने बांधलं गेलं. बेट्स आणि त्याच्यासोबत पिचर डेव्हिड प्राइस डॉजर्सला. प्राइसचे ९.६ कोटी डॉलर देणं बाकी होते, त्यातले निम्मे बॉस्टनने स्वतःच भरायचे ठरले. बदल्यात तिघं आले : ॲलेक्स व्हर्दुगो, जेटर डाउन्स, कॉनर वाँग.

डाउन्सचं नाव न्यूयॉर्क यांकीज या बॉस्टनच्या जुन्या वैऱ्यांच्या डेरेक जेटरवरून ठेवलेलं. बॉस्टनच्या नशिबाला हेही यायचं होतं.

डाउन्स बॉस्टनकडून जेमतेम १४ सामने खेळला. व्हर्दुगोला चार मोसमांनंतर क्लबने चक्क यांकीजना दिलं. उरला वाँग. बाईंच्या कागदावर कॅचरपुढे जे नाव आहे तेच. आणि बेट्स? डॉजर्सने त्याला जुलै २०२० मध्येच १२ वर्षांसाठी ३६.५ कोटी डॉलर दिले. त्याच वर्षी डॉजर्स जिंकले. पुढे २०२४ आणि २०२५ मध्येही.

क्लबचं म्हणणं असं की बेट्स नाहीतरी जाणारच होता, निदान पदरात काहीतरी पडलं. असेल. पण ज्या मालकांच्या संघाने चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं, त्यांना या एका माणसाचा पगार झेपत नव्हता, हे या जर्सीवाल्याला आजवर कुणी पटवू शकलेलं नाही. आम्हालाही नाही.

[कृष्णधवल छायाचित्रं. मिशाळ माणूस, भिंतभर फोटो, छताला बॅटींचे दिवे.]

हे भांडण मात्र आजचं नाही. हा मायकल मॅकग्रीव्ही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये याचा गुत्ता होता, नाव ‘थर्ड बेस’. घरी जाण्याआधीचा शेवटचा थांबा म्हणून. ‘रॉयल रूटर्स’ हे चाहत्यांचं टोळकं इथंच जमायचं आणि कोण भारी यावर रात्र रात्र वाद चालायचा. फार तापलं की मॅकग्रीव्ही टेबलावर मूठ आपटायचा, ‘नफ सेड’. झालं, बास. त्याला टोपणनावच ते पडलं. दारूबंदी आली, गुत्ता बंद झाला. त्याने जमवलेली ही छायाचित्रं आज बॉस्टनच्या सार्वजनिक वाचनालयात आहेत, म्हणून तर आपल्याला दिसतायत.

१९१२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये याच रूटर्सच्या नेहमीच्या जागा क्लबने परस्पर दुसऱ्यांना विकल्या. माणसं मैदानात उतरली, घोडेस्वार पोलिसांनी त्यांना रेटलं. दुसऱ्या दिवशीचा सामना निर्णायक होता. बॉस्टन जिंकलं. मैदान निम्मं रिकामं होतं.

आणि मग बेब रूथ. १९१९ मध्ये त्याने २९ होम रन मारले, तेव्हाचा विक्रम. २६ डिसेंबरला मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला न्यूयॉर्क यांकीजना विकून टाकलं. १ लाख डॉलर किंमत, शिवाय ३ लाखांचं कर्ज, आणि तारण काय तर हे फेनवे पार्क. ५ जानेवारी १९२० ला बातमी फुटली. पुढच्या मोसमात रूथने यांकीजसाठी ५४ होम रन मारले. बॉस्टनने १९१८ नंतर पुढचं जगज्जेतेपद पाहिलं ते थेट २००४ मध्ये.

[स्प्रिंगफील्ड, जानेवारी २०२३. सभागृह. व्यासपीठावर क्लबचे लोक.]

इथं आवाज पूर्ण ठेवतो. ऐका.

क्लबने चाहत्यांसाठी भरवलेला हा मेळावा. डिसेंबरमध्ये संघाचा शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्स सॅन डिएगोला निघून गेला होता. डेव्हर्सला नुकताच १० वर्षांचा, ३१.३५ कोटी डॉलरचा करार दिला होता, तरी लोक शांत झाले नाहीत. हेन्री आणि ब्लूम समोर आले आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली.

मुंबईकरांना हा आवाज ओळखीचा वाटेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे आला, रोहित शर्माचं कर्णधारपद गेलं, आणि १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी आपलेच लोक आपल्याच कर्णधाराला हिणवत होते. संजय मांजरेकरांना माइकवरून नीट वागा म्हणावं लागलं. फरक एवढाच की वानखेडेवर शिव्या खाल्ल्या खेळाडूने, स्प्रिंगफील्डला मालकाने. आमच्या मते स्प्रिंगफील्डवाल्यांचा नेम जास्त बरोबर होता.

[ट्रक वळण घेतो. पोलिसांची मोटरसायकल.]

पुढचं भराभर सांगतो. ट्रक गेला त्यानंतर काही दिवसांतच ब्रेगमन आला, ३ वर्षं, १२ कोटी डॉलर. डेव्हर्सने फोर्ट मायर्समध्ये सांगितलं, थर्ड बेस माझा आहे. त्याला फक्त फलंदाजीवर बसवलं. मेमध्ये कासासचा गुडघा गेला, क्लबने डेव्हर्सला फर्स्ट बेसबद्दल विचारलं, तो नाही म्हणाला. १५ जूनला त्याने यांकीजविरुद्ध होम रन मारला आणि त्याच संध्याकाळी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. क्रोशेने १८ सामने जिंकून दिले, २५५ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. बॉस्टन प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, पोचलं आणि यांकीजकडूनच हरलं. ब्रेगमन एका मोसमात करार मोडून शिकागो कब्जकडे गेला.

[बार. नवा कागद.]

२०२५-२६ च्या हिवाळ्यातलं भांडण आउटफिल्डचं, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकांचं, आहे. माणसं चार : अँथनी, राफाएला, अब्रेऊ, ड्युरान. जागा तीन. भाचा म्हणतो, ड्युरानची किंमत आत्ता आहे, आत्ताच द्यावा. मावशी त्याला विचारते, बेट्सच्या वेळी तू काय म्हणाला होतास?