दिवसाढवळ्या तुटणारे तारे

श्रोतेहो, नमस्कार. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात जाणाऱ्यांना आणि रानडुकरांच्या भीतीने मचाणावर जागल करणाऱ्यांना तारा तुटताना कसा दिसतो, हे मी सांगायला नको. वाघ-बिबट्याच्या या मुलखात मोटारीची लाईन रात्रीच का देतात, हे मात्र मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. असो. आज बोलायचं आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या उल्कांबद्दल. ढगाआडच्या, भर दुपारच्या. त्या रडारला दिसतात.

याची गोष्ट इंग्लंडातली आहे आणि मला ती फार आवडते. साल १९४४. लंडनवर जर्मनीची व्ही-२ रॉकेट पडत होती. वेग आवाजापेक्षा जास्त, म्हणजे आधी स्फोट आणि मग येण्याचा आवाज! चाहूल आधी लागावी म्हणून लष्कराने तोफांसाठीची रडार आभाळाकडे वळवली. आणि झाली पंचाईत. रॉकेट नसतानाही रडारच्या पडद्यावर खुणा उमटायच्या. शंभरेक किलोमीटरवर काहीतरी आहे, आणि क्षणात नाही. या खुणा उल्कांच्या आहेत, असं पुढे जेम्स स्टॅनली ‘हे’ (आडनावच ‘हे’) नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं.

युद्ध संपलं. भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल मँचेस्टर विद्यापीठात परतले आणि त्यांनी लष्कराचं जुनं रडार मिळवलं. शोधायचे होते विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान सूक्ष्म कण; उल्का नव्हेत. पण शहरात विजेच्या ट्राम, त्यामुळे पडद्यावर नुसता गोंधळ. मग सगळं सामान खेड्याकडे नेलं, जॉड्रेल बँकला, वनस्पतिशास्त्र विभागाच्या जमिनीवर. डिसेंबर १९४५ चा मध्य होता. रडार सुरू झालं आणि खुणाच खुणा! विश्वकिरण कुठले, तो होता मिथुन राशीतला उल्कावर्षाव. दर डिसेंबरात १३-१४ तारखेला आपल्या वावरातून दिसतो ना, तोच.

खात्री कशी करायची? मदतीला आले प्रेंटिस. पेशा वकिलीचा, नाद उल्कांचा. हे गृहस्थ रात्री बाहेर आरामखुर्चीत आडवे पडायचे आणि उल्का दिसली की ओरडायचे. आत लव्हेल आणि मंडळी पडद्यावर खूण शोधायची. नाद असलेल्या माणसाला विज्ञानात अशी जागा मिळाली. आपल्याकडे आधी डिग्री विचारतात.

मग आली ९-१० ऑक्टोबर १९४६ ची रात्र. पृथ्वी जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या धुळीतून जाणार होती. उल्कांचा पाऊसच पडला. त्यांनी अँटेना फिरवून पाहिली. उल्का जिथून येत होत्या तिकडे तोंड केलं, तर पडदा जवळजवळ कोरा. त्यांच्या वाटेला काटकोनात धरली, की पडदा भरून जाई. म्हणजे रडारला दगड दिसतच नव्हता. दिसत होती त्याने मागे सोडलेली रेघ, तीही आडवी.

आता थोडक्यात विज्ञान. बहुतेक उल्का ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक. वेग मात्र सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर. ८० ते ११० किलोमीटर उंचीवर त्या जळतात, इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांची रेघ तयार होते. रेडिओ लहर त्या रेघेवर आपटून परत येते. पुन्हा सांगतो, परत येते ती रेघेवरून, दगडावरून नव्हे. बारीक रेघ सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात ती वाऱ्याबरोबर सरकते. त्यावरून नव्वद किलोमीटरवरचा वारा मोजतात. हवामानाचे फुगे तिथवर पोचतच नाहीत. केरळात थुंबाला असं रडार बसवलं आहे. आपल्या नागपूरचं हवामान खात्याचं डॉप्लर रडार वेगळं, त्याचं लक्ष पावसाच्या ढगांवर.

रडारला ऊन आडवं येत नाही, ढगही आडवा येत नाही. म्हणूनच १९४७ च्या उन्हाळ्यात जॉड्रेल बँकला दिवसा होणारे मोठे उल्कावर्षाव सापडले. त्यांतला मेष राशीतला वर्षाव जूनच्या पहिल्या आठवड्यात ऐन भरात असतो. म्हणजे आपण कपाशीचं बियाणं घरात आणून पावसाची वाट बघत असतो, तेव्हा. नमस्कार.