शिंगाळ्याची बाजू

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीच्या दिवशी भरती लागली की कोकणातल्या कुठल्याही जेटीवर गरवणाऱ्यांची, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे पकडणाऱ्यांची रांग दिसते. रत्नागिरीची मांडवी घ्या, नाहीतर भाट्याचा पूल घ्या. कुणाच्या हातात बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा असतो, तर कुणाच्या हातात महागडा रॉड आणि चकचकीत रीळ. मनात मात्र सगळ्यांच्या तेच दोन-तीन मासे: जिताडा, तांबोशी, जमलंच तर गोबरा. आणि गरीला लागतो शिंगाळा, मिशांचा मासा. शेजारी विचारतो, "काय लागलं?" उत्तर येतं, "काही नाही, शिंगाळा."

मग त्याला चपलेखाली दाबून गरी उपटतात आणि मासा कातळावर भिरकावतात. पाण्यात सोडला तर पुन्हा आमिष खाईल, म्हणून सोडायचाही नाही आणि घरीही न्यायचा नाही. उन्हात तो तास-तासभर धापा टाकत पडून राहतो. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. आज रेडिओवर बोलायची संधी मिळाली आहे, तर शिंगाळ्याची बाजू मांडूनच टाकतो.

शिंगाळ्यावरचे आरोप सगळ्यांना पाठ आहेत. अंगाला खवले नाहीत, हात लावला की बुळबुळीत लागतो, तळाची घाण खातो, काटा मारतो. यातला काट्याचा आरोप खरा आहे. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक, असे त्याला तीन ताठ काटे असतात. काट्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि वरच्या कातडीत विष असतं. एकदा काटे उभे केले की ते मुळाशी असे अडकून बसतात की दाबून मिटत नाहीत. त्याला गिळायला निघालेल्या मोठ्या माशाचा विचार करा, म्हणजे या काट्यांची किंमत कळेल.

पुढच्या वेळी शिंगाळा लागला की घाईने उपटू नका. पराच्या मागून नीट धरा आणि कान द्या. तो कुरकुरतो. काट्याचं मूळ खोबणीत घासून आणि पोटातली हवेची पिशवी थरथरवून तो हा आवाज काढतो आणि तो तुमच्या तळहाताला जाणवतो. मग मिशा बघा. त्या मिशांवर चव कळणाऱ्या पेशी असतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी इतकं गढूळ होतं की वीतभर खालचं दिसत नाही, तेव्हा डोळ्यांवर शिकार करणारे मासे अडून बसतात. शिंगाळा मात्र चिखलातला खेकडा, कोळंबी, किडा नुसत्या मिशांनी चाचपून शोधतो. कुजकंही खातो, हे मान्य. पण ज्याचं आपण इतकं कौतुक करतो तो खेकडा दुसरं काय खातो?

आता त्याच्या पितृत्वाबद्दल सांगतो, कारण हे ऐकल्यावर माझी तरी त्याला चपलेखाली धरायची हिंमत होणार नाही. समुद्री शिंगाळ्याची मादी हजारो-लाखो अंडी समुद्रात सोडून देत नाही. ती मोजकीच अंडी घालते, पण ती खेळायच्या गोटीएवढी असतात. माशांच्या जगात इतकी मोठी अंडी फार थोड्यांची. ती अंडी नर तोंडात घेतो. पिल्लं बाहेर येईपर्यंत, आणि ती स्वतःची स्वतः पोहू लागेपर्यंत, कित्येक आठवडे तो ती तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस तो खात नाही. नुसती कल्पना करा, समोर कोळंबीचा थवा आणि तोंड उघडायची सोय नाही!

म्हणून अशा दिवसांतला बाप आपल्या गरीला सहसा लागत नाही. जाळ्याला मात्र तो सापडतो. 1980 च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हेच झालं. थव्याला वेढून तळाशी आवळायच्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांत अंडी तोंडात घेतलेल्या नरांचे थवेच्या थवे एका वेढ्यात उचलले गेले. जाळं आवळलं की नर अंडी ओकतात. मासा बाजारात गेला, पुढची पिढी होडीच्या तळात सडली, आणि तिथली शिंगाळ्यांची मासेमारी ढासळली. ज्या माशाला वर्षाकाठी एवढीच पिल्लं होतात, त्याची संख्या एकदा घसरली की वर यायला फार वेळ लागतो. आपण त्याला उदंड समजून कातळावर फेकतो, आणि तो उदंड नाही.

शिंगाळ्यावर माझा जीव जास्त आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण नावडत्यांच्या रांगेत तो एकटा नाही. टोळ घ्या. लांब चोचीचा, पाण्याच्या वरच्या थरात बाणासारखा पळणारा हा मासा. गरवणारे त्याला वैतागतात, कारण त्याची चोच हाडासारखी कडक असते, गरी रुततच नाही, आमिष तेवढं ओरबाडून जातो. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरच्या लोकांनी यावर काय शोधलं पाहा. ते पानांचा पतंग करून होडीतून उडवतात. पतंगाच्या दोरीला खाली कोळ्याच्या जाळ्याचा गुंडा लोंबत असतो, तो पाण्यावर नाचतो. टोळ त्याला चावतो आणि त्याचे बारीक दात त्या चिवट धाग्यांत गुंततात. गरी लागतच नाही. आज काही देशांत हौशी गरवणारे धागे सुटलेल्या नायलॉन दोरीचा तुकडा बांधून टोळ पकडतात, ती हीच युक्ती. आपल्याकडे नायलॉन दोरी प्रत्येक होडीत पडलेली असते. करून बघा.

टोळ शिजवला की काटे हिरवे दिसतात. मासा नासलाय म्हणून अख्खं कालवण ओतून दिलेलं मी ऐकलं आहे. बिलिव्हर्डिन नावाचं पित्तातलं द्रव्य त्याच्या हाडांत असतं, त्याने तो रंग येतो. खायला काहीही धोका नाही. (केंडाचं तसं नाही. तो फुगणारा मासा विषारी आहे, तो खाऊ नका. पण त्यालाही मारू नका, गरी काढून पाण्यात सोडा.)

बोईट तर बिचारा गरीच्या जगात गणलाच जात नाही, पागाचा, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याचा मासा म्हणून सोडून देतात. तो चिखलावरचं शेवाळ खरवडून खातो, म्हणून कोळंबीला ढुंकूनही बघत नाही. बारीक गरीला पावाचा गोळा लावा आणि शांत बसा, मग कळेल तो किती सावध आहे ते. त्याची गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, मिठात मुरवून वाळवली की जपानमध्ये आणि इटलीत ती सोन्याच्या भावाने जाते.

आता परत शिंगाळ्याकडे. तो घरी न्यायचा असेल तर काटे पक्कडीने तिथेच कापा. घरी जाडं मीठ आणि चिंचेचा कोळ लावून खसखसून चोळा, बुळबुळ सगळी निघते आणि वासही जातो. मधला काटा एकच, बारीक काटे जवळजवळ नाहीत, त्यामुळे लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना बिनधास्त वाढता येतो. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे वाटून, कोकम टाकून कालवण करा आणि तिरफळं विसरू नका. या माशाच्या उग्रपणाला तिरफळच पुरं पडतं. डोकं टाकू नका. ते चोखताना कानातले पांढरे गुळगुळीत खडे हाताला लागतात, ते मुलांना द्या.

न्यायचा नसेल तर लांब चिमट्याने गरी काढून सोडून द्या. आणि काटा लागलाच, तर जखम धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. त्या विषाचा जोर उष्णतेने ओसरतो. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. नंतर डॉक्टरांकडे जाच, कारण काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यावं लागतं.

येत्या उधाणाला पाणी गढूळ असेल. जिताडा लागेलच असं नाही. शिंगाळा लागेल.

नमस्कार.